साल्याच्या गोळीनं मरणार नाही!

...आणि वर मलाच म्हणतात, "इंदालेसियो, तुला नीट मरता येत नाही!"

मला? मला मरता येत नाही? अहो, तुम्हाला सांगतो, ह्या ताबेर्नास गावात माझ्याइतका मेलेला माणूस एक दाखवा! दफनभूमीत जाऊन बघा, तिथेही मिळायचा नाही, कारण तिथले सगळे बिचारे एकेकदाच मेलेत. मी चाळीस वेळा मेलोय! छपरावरून पडून मेलोय, घोड्यावरून पडून मेलोय, दारूच्या गुत्त्यातून दारासकट उलटा बाहेर पडून मेलोय, घोड्यांच्या पाण्याच्या हौदात मेलोय... आणि ते हौदातलं पाणी बदलत नाहीत बरं का! सकाळपासून अकरा घोडे त्यात तोंड घालून गेलेले, आणि तुम्ही मेलेले, म्हणजे तोंड मिटायची चोरी! एकदा तर सकाळी मी मेक्सिकोचा डाकू म्हणून मेलो, आणि दुपारी मिशी काढून शिपाई झालो, आणि माझे सकाळचे कपडे घातलेलं बुजगावणं मीच खड्ड्यात लोटलं. स्वतःच्या मयताला स्वतः गेलेला माणूस बघितलाय कधी? बघून घ्या. मरणं म्हणजे खायचं काम नाही, तुम्हाला सांगतो!

लोकांना वाटतं, पडलं की झालं. अहो, पडायला काय, कुणीही पडतं, पडल्यावर पडून राहणं ही खरी कला! डोक्यावर ऊन, पाठीखाली खडे, आणि मुंगी येते. मुंगी येतेच. ती आधी मिशीत हिंडते, मग नाकाच्या तोंडाशी येऊन उभी राहते, आत जाऊ का नको, आत जाऊ का नको... आणि तुम्ही मेलेले! तिकडे हिरो टेकडीवर उभा राहून डोळे बारीक करतोय, आणि इकडे तुमच्या नाकात बाई घर बघायला आलीय! शिंकलात तर काम गेलं.

आता हे इटलीचे सिनेमावाले इथे आलेच का, तर म्हणे आमचं गाव हुबेहूब अमेरिकेसारखं दिसतं. म्हणजे काय, तर इथे काही उगवत नाही! माझे आजोबा ह्या माळाला शिव्या घालत मेले, बाप शिव्या घालत मेला, आणि रोमहून माणसं आली ती मोटारीतून उतरून म्हणाली, "वा! काय सुंदर!" त्यांना आमचा दुष्काळ आवडला हो! पाऊस पडला की ते रडायचे, नाही पडला की आम्ही रडायचो, पण मग हळूहळू आम्हालाही त्यांच्याबरोबर रडायची सवय लागली. कारण काम होतं ना! अख्खं गाव पोटाला लागलं. कुणी लाकडाचे गुत्ते उभे करतंय, कुणी घोडे सांभाळतंय, बायका फाटके कपडे शिवतायत, शिवलेले फाडतायत... आणि मी मरतोय.

तर मी सांगतोय त्या वर्षीचा सिनेमा सुडाचा. तसे सगळेच सुडाचे असतात, पण हा फारच सुडाचा होता. हिरोच्या भावाला कुणीतरी मारलेलं, कुणी ते माहीत नाही, म्हणून हिरो सगळ्यांनाच मारत सुटलेला. आता मला सांगा, भाऊ गेला तर शहाणा माणूस काय करतो? पाद्रीबुवांना बोलावतो, पेटीचं बघतो, आत्याला निरोप धाडतो, आत्या आली की रडतो. हा काय करतो? घोंगडी पांघरून टेकडीवर उभा राहतो! बोलत नाही, हसत नाही, अंघोळ करत नाही. आणि समोर शत्रू आला की काय, मारामारी? छे! बघत राहतात. आधी ह्याचे डोळे, मग त्याचे डोळे, मग बोटं, मग बूट, मग वाऱ्यानं वाजणारी एक फळी, मग परत डोळे... अहो, तेवढ्यात माझ्या बायकोचे, कासिल्दाचे, चणे शिजून होतात! मारायचंय ना? मग मार की! पण नाही, मालास्पिनासाहेब म्हणायचे, नाही, आधी बघायचं.

मालास्पिनासाहेब म्हणजे डायरेक्टर. एवढासा माणूस, एवढी मोठी टोपी, आणि डोळ्यांत सतत पाणी. चांगला सीन झाला तरी रडणार, वाईट झाला तरी रडणार, आपण काय समजायचं? त्यांचं इटालियन आम्हाला कळेना, म्हणून मध्ये एक ओब्दूलियाबाई ठेवलेली, सेव्हियाची, ती सगळं आम्हाला आमच्या भाषेत सांगायची. साहेब पाच मिनिटं हात उडवून बोलायचे आणि बाई सांगायची, "तिकडून या, इथे मरा." बस.

तर एक दिवस साहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले. माझ्या तोंडाकडे बघायला लागले. इकडून बघितलं, तिकडून बघितलं, हनुवटी धरून वर केली, जसं काही मी टरबूज आहे... आणि डोळ्यांत पाणी! ओब्दूलियाबाई म्हणाली, "साहेब म्हणतायत, तुमच्या चेहऱ्यावर फार मोठं पाप आहे." मी घरी येऊन कासिल्दाला सांगितलं. ती म्हणाली, "ते मी लग्नापासून सांगतेय. त्याला रोमहून माणूस कशाला लागतो?"

पण काय झालं माहितीय? त्या पापावर मला भूमिका मिळाली! खरीखुरी! शेवटी हिरोला कळतं, की ज्याच्यावर संशय होता त्या जमीनदारानं भावाला मारलेलंच नाही, मारलं त्याच्या घोडेवाल्या म्हाताऱ्यानं, जो सिनेमाभर कोपऱ्यात घोड्याला खरारा करत असतो आणि ज्याच्याकडे कुणीच बघत नाही. तो म्हातारा मी! शेवटचा सामना माझ्याशी! आणि माझं तोंड पडदाभर! अहो, तोवर एकोणचाळीस वेळा मेलो होतो, पण माझं तोंड कधी कुणी बघितलं नव्हतं. कधी धुळीत, कधी टोपीखाली, कधी घोड्याखाली. माझी आई म्हातारपणी सिनेमा बघायला आली होती, तिला मी कुठे आहे ते दाखवता दाखवता सिनेमा संपला. आणि आता पडदाभर तोंड! मी आठवडाभर आरशासमोर मरत होतो. कासिल्दा म्हणाली, "जेवायला येतोस, की मरून येतोस?"

आणि सगळं असं जुळून आलेलं असताना... हिरो निघून गेला!

कोण तो अमेरिकन, हार्ग्रोव्ह. त्याचा करार संपला, त्यानं सूटकेस उचलली, आल्मेरियाला गेला, विमानात बसला. शेवटचा सामना राहिलाय म्हटल्यावर म्हणाला, "माझं तोंड काढून झालंय ना? मग पाठ कुणाचीही लावा." आणि गेला! साहेब रडले. ह्या वेळी कळलं कशासाठी ते. मग साहेबांनी फर्मान काढलं, गावातल्या सगळ्या धडधाकट पुरुषांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. चर्चच्या भिंतीला गावातले चाळीस पुरुष नाक लावून उभे! साहेब मागून एकेक पाठ बघत चाललेत, खांदे दाबतायत, मान बघतायत... आणि एका पाठीशी थांबले. डोळ्यांत पाणी. पाठ वळली. तोंड कुणाचं?

फुल्हेन्सियोचं!

फुल्हेन्सियो माझा साला. शिवी देत नाहीये, नातंच ते आहे. कासिल्दाचा थोरला भाऊ. तशी शिवी दिली तरी चालली असती, कारण तेव्हा नऊ वर्षं झाली होती आमचं बोलणं बंद होऊन. नऊ वर्षं! एका गावात, एका रस्त्यावर, एका चर्चमध्ये, मी डावीकडच्या बाकावर तर तो उजवीकडच्या. रस्त्यात समोर आला तर मी आभाळाकडे बघायचो, तो बुटाकडे बघायचा.

कारण काय विचारता? खेचर! त्यानं माझ्या लग्नात आहेर म्हणून खेचर दिलं. काय थाट होता! अंगावर रंगीत झूल, गळ्यात घंटा, डोक्यावर गवताची टोपी, तिरकी घातलेली, डाव्या बाजूला फुलांचा हा एवढा गुच्छ. गाव म्हणालं, वा, मेहुणा असावा तर असा! मलाही भरून आलं हो. आणि दुसऱ्या दिवशी टोपी काढली तर काय... डावा डोळाच नाही! गुच्छ होता तो डोळ्यावर! आता एका डोळ्याचं खेचर म्हणजे काय, ते उजवीकडेच वळतं. फक्त उजवीकडे! मला गिरणीत जायचं तर डोंगराला वळसा घालून जावं लागायचं. मी तरी सहन केलं. नवीन लग्न, नवीन नातं, बोलायचं कसं? आणि तीन महिन्यांनी त्याला डावीकडचा ओढा दिसला नाही, आणि ते गेलं की खाली, मला घेऊन! खेचराला खरचटलंसुद्धा नाही, उठून चरायला लागलं. माझी मांडी मोडली. दोन महिने खाटेवर.

आणि हा मला बघायला आला नाही! एकदा नाही! गाव येऊन गेलं, पाद्रीबुवा दोनदा येऊन गेले, आल्मेरियाहून माझी आत्या आली. हा आला नाही. उलट गुत्त्यात बसून म्हणाला म्हणे, "मी खेचर दिलं होतं, दुर्बीण नव्हती दिली." झालं! मी खाटेवरून शपथ घेतली, हा माझ्यासमोर माफी मागेपर्यंत ह्याच्याशी बोलणार नाही. तो मागेना. मी बोलेना.

आणि आता हा मला गोळी घालणार! पडदाभर! ह्या फुल्हेन्सियोच्या हातून मी मरायचं! अहो, मरणं म्हणजे खायचं काम नाही, तुम्हाला सांगतो, त्यात साल्याच्या हातून!

मी ओब्दूलियाबाईला सांगितलं, दुसरी पाठ बघा. बाई म्हणाली, साहेबांना हीच आवडलीय, ह्या पाठीत दुःख आहे म्हणे. दुःख? नऊ वर्षं मला न विचारल्याचं ओझं असेल ते!

सीनचा दिवस. शेवटचा दिवस बरं का, संध्याकाळी सगळे गाशा गुंडाळणार. आणि त्याआधीच रोममधल्या कुणा बड्या शेटचा निरोप आला होता, की हा सिनेमा वेळेत संपला तर पुढचे दोन इथेच, नाहीतर सगळा कारभार दुसऱ्या कुठल्या माळावर. म्हणजे पुढच्या दोन वर्षांचं गावाचं काम माझ्या एका मरणावर लटकलेलं! सगळं गाव बघायला आलं. दोरीच्या पलीकडे बायका, खुर्च्या टाकून म्हातारे, पाद्रीबुवा डोन सेर्वांदो छत्री घेऊन. मधोमध तो खोटा चौक. मी ह्या टोकाला. त्या टोकाला फुल्हेन्सियो, हार्ग्रोव्हची घोंगडी, हार्ग्रोव्हची टोपी, कमरेला पिस्तूल. कॅमेरा त्याच्या पाठीमागे. म्हणजे त्याची पाठ आणि माझं तोंड. नऊ वर्षांत पहिल्यांदा आम्ही समोरासमोर. मला आभाळाकडे बघायची सोय नाही, त्याला बुटाकडे बघायची सोय नाही... साहेबांनीच सांगितलेलं, बघत राहा!

बघितलं. अहो, काय बघितलं! साहेब आनंदानं थरथरायला लागले. मग त्यांनी हात खाली केला. फुल्हेन्सियोनं पिस्तूल काढलं. ठो!

मी उभा.

साहेब ओरडले. ओब्दूलियाबाई म्हणाली, "पडा." परत. बघणं, बोटं, बूट... ठो!

मी उभा!

तुम्हाला सांगतो, मी ठरवून नव्हतं केलं. घरून निघताना मनाशी म्हटलं होतं, जाऊ दे, पडू. पण गुडघे वाकेनात हो! मेंदू म्हणतोय पड, पाय म्हणतायत, ह्याच्या गोळीनं? ह्या? तिसऱ्यांदा ठो! मी उभा! धूर निघून गेला, घोडे जांभया द्यायला लागले, साहेब टोपी काढून तिच्यात तोंड घालून बसले. ओब्दूलियाबाई धावत आली, "काय झालं? बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे. मी ह्याच्या गोळीनं मरणार नाही. दुसरा आणा, आत्ता मरतो. लहान पोराच्या गोफणीनं मरेन. ह्याच्या नाही."

"का?"

"त्यानं माफी मागितलेली नाही."

"कशाची?"

"खेचराची."

बाईनं हे साहेबांना इटालियनमध्ये सांगितलं. साहेबांनी दोनदा विचारलं. तिनं दोनदा सांगितलं. मग साहेब माझ्याजवळ आले, माझे दोन्ही हात धरले आणि काय काय बोलले देव जाणे. बाई म्हणाली, "साहेब म्हणतायत, उन्हं दीड तासात जातील. दीड तासात मरा."

मग काय, एकेक जण मला मारायला आला! म्हणजे मरायला सांगायला. आधी डोन सेर्वांदो. छत्री मिटून म्हणाले, "इंदालेसियो, बाळा, मरण हे नम्रतेचं लक्षण आहे." मी म्हटलं, "बुवा, मग तुम्ही उभे राहता का माझ्या जागी?" ते छत्री उघडून परत गेले. मग दोरीपलीकडून आरडाओरडा, "मर की रे!" "गावासाठी मर!" "एवढ्या वेळा मेलास, आणखी एकदा काय होतंय!" अहो, ज्यांच्या मुलांच्या बारशाला मी जेवलो, ती माणसं मला मर म्हणतायत! आणि मग कासिल्दा आली. दोरीखालून वाकून, एप्रनला हात पुसत, सरळ चौकाच्या मध्ये. दोघांच्या मधोमध. आणि माझ्यावर ओरडली, "मेल्या, मर ना एकदाचा!"

आता तुम्हीच सांगा, मेल्या म्हणते, आणि वर मर म्हणते!

मी म्हटलं, "तुझ्या भावाला सांग माफी मागायला!"

तेवढ्यात त्या टोकाकडून आवाज आला. नऊ वर्षांनी तो आवाज ऐकला हो, जाड झाला होता. "तुझ्या नवऱ्याला सांग, मी आहेर दिला होता! आहेराचे कुणी दात मोजतं का?"

"दात कोण मोजतंय? डोळे मोजले! एक निघाला, चोरा!"

"घरातलं चांगलं तेच दिलं! माझ्याकडे दुसरं काय होतं? एक तेच जनावर होतं! तुमच्या लग्नात रिकाम्या हातानं येऊ?"

"मग फुलं कशाला लावलीस डोळ्यावर?"

"लाज वाटत होती म्हणून लावली!"

इकडे साहेब एकदम ताडकन उठले, कासिल्दाला ओढून कॅमेऱ्याच्या वाटेतून बाजूला केलं. कॅमेरावाल्याला हातानंच खूण, चालू ठेव, चालू ठेव! मला बाई नंतर म्हणाली, की ते सिनेमे असेच काढतात, आवाज बिवाज नंतर भरतात, तोंड हललं म्हणजे झालं. पण तेव्हा आमचं तिकडे लक्षच नव्हतं. मी माझं खरं दुखणं बाहेर काढलं. खेचराचं जाऊ दे हो! मी ओरडलो, "मी दोन महिने खाटेवर होतो! सगळं गाव आलं! तू आला नाहीस!"

तो गप्प.

"बोल ना! आता तोंड शिवलं का? माझं जवाचं शेत उभं होतं, पिकून वाळायला लागलं होतं, मला उठता येत नव्हतं, आणि तू आला नाहीस! ते तर माझ्या संतानं कापलं म्हणून वर्षभर खाल्लं!"

आता हे संताचं तुम्हाला सांगायला हवं. मी खाटेवर असताना, मे महिन्यात, माझ्या संत इंदालेसियोच्या उत्सवाच्या आठवड्यात, माझं शेत आपोआप कापलं गेलं. चार दिवसांत. पेंढ्या बांधून, रचून, नीट. कुणी कापलं कुणाला माहीत नाही. चमत्कार! डोन सेर्वांदोंनी प्रवचनात सांगितलं. मी दर वर्षी त्या दिवशी माझ्या संताला हातभर मेणबत्ती लावतो. आल्मेरियापर्यंत ही गोष्ट गेलीय, मीच नेलीय.

तर मी "संतानं कापलं" म्हटलं, आणि कासिल्दा माझ्याकडे वळली. तिचा चेहरा... मी तिला असं कधी बघितलं नव्हतं. म्हणाली, "अरे देवा. अरे, किती दिवस सांभाळू हे? इंदालेसियो, शेत ह्यानं कापलं."

"कुणी?"

"फुल्हेन्सियोनं. पहाटे यायचा, उजाडलं की जायचा. मला शपथ घातली होती, सांगायचं नाही. घरात यायचं धाडसच होत नव्हतं त्याला. खेचरामुळे तुझा पाय मोडला म्हणून. कुंपणापर्यंत यायचा, खिडकीकडे बघायचा, आणि परत विळा उचलायचा."

मी म्हटलं, थट्टा करते. मी गावाकडे बघितलं. अख्खं गाव बुटांकडे बघत होतं. मी डोन सेर्वांदोंकडे बघितलं. त्यांनी छत्री तोंडापुढे घेतली! म्हणजे त्यांनाही माहीत होतं! प्रवचन दिलं त्या माणसानं! सगळ्यांना माहीत होतं, नऊ वर्षं, एक मी सोडून! मी नऊ वर्षं त्याच्याकडे न बघता आभाळाकडे बघत होतो, आणि मेणबत्त्या... मेणबत्त्या मी ह्याला लावत होतो हो!

चौकात वाऱ्याचा आवाज. ती फळी वाजतेय. त्या टोकाला घोंगडी पांघरलेला एक माणूस, पिस्तूल हातात. आणि तो म्हणाला... हळू म्हणाला, वारा माझ्याकडे होता म्हणून मला तेवढं ऐकू आलं...

"दाजी, त्या वर्षी जव फार चांगले नव्हते आले. मी नीट कापले तरी."

आणि माझे गुडघे गेले.

अहो, मी पडलो नाही, गेले! ज्या गुडघ्यांनी तीन गोळ्या अंगावर झेलल्या, ते ह्या एका वाक्यानं मोडले. त्याच्याकडून चाप ओढला गेला, पिस्तूल उडालं, ठो, पण ते नंतर, मी आधीच निम्मा खाली. तोंड मातीत. आणि मी रडतोय, मेलेला माणूस रडतोय, खांदे हलतायत! मी म्हटलं संपलं, सीनची वाट लागली, एकोणचाळीस वेळा बिनचूक मेलो आणि आज हुंदका! मरणं म्हणजे खायचं काम नाही, तुम्हाला सांगतो... आणि साहेब धावत आले, मातीत गुडघे टेकून माझ्या टकलाचे मुके घ्यायला लागले. ओब्दूलियाबाईही रडत होती, म्हणाली, "साहेब म्हणतायत, असा मेलेला माणूस त्यांनी आयुष्यात बघितला नाही."

मी उठेना. कसा उठू? गावाला तोंड कसं दाखवू? तेवढ्यात कुणीतरी काखेत हात घातला आणि मला उचललं. घोंगडीचा वास आला, हार्ग्रोव्हच्या घामाचा. मी वर बघितलं नाही. दोघं तसेच गुत्त्यात गेलो, खऱ्या गुत्त्यात, खोट्या नाही. त्यानं दोन ग्लास सांगितले. प्यायलो. तरी बोललो नाही. लगेच कसं बोलणार, काहीतरी रीत असते!

माफी? नाही मागितली. ना त्यानं, ना मी. मी मागायला हवी होती म्हणता? हो, कासिल्दाही तेच म्हणते.

पुढच्या वर्षी सिनेमा आला. चर्चच्या सभागृहात, रविवारी दुपारी, चादर लावून. सगळं गाव दाटीवाटीनं. शेवटचा सामना आला. माझं तोंड पडदाभर! प्रत्येक सुरकुती, प्रत्येक केस, नाकातला सुद्धा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी तिथे पडद्यावर तोंड हलवून ओरडतोय, "एक निघाला, चोरा!" आणि ऐकू काय येतं? भारदस्त आवाज, "परक्या, मी ह्याच दिवसाची वाट पाहत होतो." गाव हसून लोळायला लागलं! मग फुल्हेन्सियोची पाठ. पाठ गप्प होती खरं तर त्या वेळी, आठवतंय ना? पण त्यांनी तिथेही आवाज भरलेला. पाठ म्हणाली, खोल, जड, काळीज हलवणाऱ्या आवाजात, "म्हाताऱ्या, मला माफ कर."

हसणारं गाव वळून माझ्याकडे बघायला लागलं.

मी शेजारी वळलो. शेजारी फुल्हेन्सियोच होता, कासिल्दानंच तसं बसवलं होतं. मी म्हटलं, "ऐकलंस? मागितलीस माफी. गावादेखत."

तो म्हणाला, "मी नाही, दाजी. तो माद्रिदचा कुणीतरी आहे."

"पाठ तुझी आहे."

"पाठीचं काय मनावर घ्यायचं!"

आणि हसला! मी पण हसलो. नऊ वर्षं अधिक एक वर्ष, दहा वर्षांचं हसू, डोन सेर्वांदोंनी दोघांना बाहेर काढलं, आणि बाहेर पायरीवर बसून हसलो. तेव्हापासून आमचं बोलणं सुरू.

आणि तुम्हाला सांगतो, तिथंच माझं चुकलं! अहो, माणूस थांबतच नाही! नऊ वर्षांचं साठलेलं सगळं, नऊ वर्षांत कुणाच्या शेळीला काय झालं, कुठल्या विहिरीत काय पडलं, सगळं मला पहिल्यापासून! दर रविवारी जेवायला, बुधवारी सहज, आणि मधल्या वारी "इकडूनच चाललो होतो" म्हणून. आणि प्रसिद्ध कोण झालं? मी? पडदाभर तोंड माझं, पण रस्त्यात मला कुणी ओळखत नाही! त्याला ओळखतात! आल्मेरियाहून पोरी येतात, म्हणतात, "काका, जरा वळता का?" आणि तो वळतो! पाठीला वारा लागू नये म्हणून उन्हाळ्यात शाल घेतो! गुत्त्यात बसला की मला कसं मारलं ते तीन तास सांगतो, त्यात माझी गोळी त्याला चाटून गेली असं घुसडतो... माझ्याकडे पिस्तूलच नव्हतं हो, मी घोडेवाला होतो!

कासिल्दा विचारते, "आता तरी समाधान झालं ना?" मी म्हणतो, झालं. दुसरं काय म्हणू?

...थांबा. ती शाल दिसतेय का, त्या वळणावर? तोच. इकडेच येतोय. बघा, तुम्हाला निघायचं असेल तर स्वयंपाकघरातून मागचं दार आहे, वाकून जा, कुत्रं भुंकत नाही. नाही, नाही, माझं सोडा, मी कुठे जाणार? तुम्ही पाहुणे, सुटाल. माझा तो साला आहे.